हिरव्या लेबलाचा लाल दगड

कर्रर्र... कर्रर्र... खट्!

दुपारी डोळा लागता लागता हा आवाज अजून माझ्या कानात येतो. परभणीत आमच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्या प्रिंटरचा हा आवाज. त्याआधी त्या इमारतीत दोनच आवाज असायचे. एक पंख्याचा, दुसरा हेडसाहेबांचा. पंखा अधूनमधून बंद तरी पडायचा!

मी तिथं शिपाई. शिक्षण चौथी. मुख्य काम दगडांवरची धूळ झाडणं. आज झाडली की उद्या तेवढीच. किस्स्यांचंही तसंच झालं. कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत, दार उघडं राहिलं की आत येऊन बसले. नातवंडांना सांगायला जातो, पण मी पडलो सावकाश बोलणारा. किस्सा अर्ध्यात येईतो ती उठून जातात. म्हणून लिहून काढतोय. लिहिताना कुणी उठून जात नाही!

माणसं मोजकीच. विभागप्रमुख, म्हणजे आमचे हेडसाहेब. कडक इस्त्री, छापल्यासारखं अक्षर, आणि शब्द शेवटचा. दुसरे वाघमारेसर, राणीसावरगावचे. शिकवायचे जीव तोडून, पण नोकरी टेम्पररी. पीएच.डी. झाली तर पक्की, नाहीतर दर उन्हाळ्यात नव्या ऑर्डरची वाट बघायची. त्यांचे गाइड हेडसाहेबच. त्यांची सही झाल्याशिवाय प्रबंध इमारतीबाहेर जाणार नव्हता. तिसरे जीपचे ड्रायव्हर कादरभाई. आणि मी, सगळ्यांचा मामा.

वाघमारेसरांचा विषय असा, की नदीकाठच्या गाळाच्या थरांचा आणि त्या गाळाच्या झालेल्या दगडांचा रंग कॉम्प्युटरनं मोजायचा. वर कॅमेरा, दोन बाजूंना दोन दिवे, खाली दगड. कॉम्प्युटर तीन आकडे सांगायचा. लाल किती, हिरवा किती, निळा किती. आकड्यांवरून थराची जन्मकथा. लाल असला तर साचताना हवा-ऊन लागलेलं. हिरवट असला तर वर पाणी तुंबलेलं.

हेडसाहेबांना हे पहिल्यापासून पटलं नाही.

"वाघमारे, रंग बघायला देवानं डोळे दिलेत. हा डबा कशाला?"

"सर, डोळ्यागणिक रंग बदलतो."

"माझ्या डोळ्यात नाही बदलत!"

*

त्या मशिनीचं एक होतं. रोज सकाळी आधी तिला पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागायचं. त्यासाठी मशिनीबरोबर एक पांढरीशुभ्र फरशी आली होती, तळहाताएवढी, मखमलीच्या डबीत. ती कॅमेऱ्याखाली ठेवायची, मशीन म्हणायची, बरं, हे पांढरं. मग बाकीचे रंग.

एके दिवशी कादरभाईंनी त्या फरशीवर सुपारी ठेवून वर अडकित्ता ठोकला. सुपारी फुटली नाही, फरशी फुटली.

वाघमारेसरांनी डोक्याला हात लावला. नवी मागवायची तर वर्ष जाणार. कादरभाई म्हणाले, "सर, टेन्शन नक्को. आपल्या इमारतीत फरश्यांची काय कमी हाय?" आणि स्टाफच्या मुतारीच्या भिंतीतून एक फरशी उचकटून, धुऊन, पुसून आणून ठेवली. दिसायला पांढरीच!

तिच्यावर आठवडाभर काम चाललं. मग वाघमारेसर कागद घेऊन पळत आले. "मामा, घोळ झाला! अख्ख्या पूर्णेचा काठ निळसर यायलाय!"

फरशी होती पिवळी पडलेली. मशिनीनं पिवळ्यालाच पांढरं धरलं आणि उरलेल्या जगाला निळं केलं. शेवटी केमिस्ट्रीवाल्यांकडून पांढरी भुकटी आणली, दाबून वडी केली, आणि आठवडाभराचं काम पुन्हा केलं.

कादरभाईंना मात्र वाईट वाटलं ते वेगळंच. "उचकटताना मी चार निवडल्या होत्या सर. त्यातली सगळ्यात कमी वापरातली आणली!"

*

मशिनीची बातमी माझ्यामुळंच आमच्या झरी गावात गेली. मी पारावर एवढंच म्हणालो होतो, "कशाचा बी रंग सांगती." दुसऱ्या आठवड्यात गावचे एक पाटील लेकीला घेऊन विभागात हजर! लेक बारावी झालेली, चेहऱ्यावर राग.

"सर, एक काम हाय," पाटील म्हणाले. "हिला बघायला आलेले पाव्हणे म्हनाले, पोरगी सावळी हाय. आमी म्हंतो, गव्हाळ हाय. तुमच्या मशिनीत घाला आन् लिहून द्या, शिक्क्यासकट."

वाघमारेसरांना हसावं की रडावं कळेना. "पाटील, ही मशीन दगडासाठी हाय."

"दगडाचं कळतंय तर मानसाचं न्हाई का कळनार?"

तेव्हा पोरगीच बोलली. "सर, मी बसते की दिव्याखाली. पर आदी त्या नवऱ्याला बसवा. त्याचा आकडा आला की मी सांगते, पसंत हाय का न्हाई!"

 कादरभाईंनी कोपऱ्यातून टाळी वाजवली. ते स्थळ मोडलं. पोरगी पुढं आमच्याच कॉलेजात बी.एस्सी. झाली, आणि मशिनीला कायम "माझा मध्यस्थ" म्हणायची.

*

आता मुख्य दगडाकडं येतो.

म्युझियमच्या दारात काचेच्या पेटीत एक मोठी लादी होती. हेडसाहेब तरुण असताना गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीच्या काठावर त्यांना ती सापडली. चिखलाचा दाबून दाबून झालेला दगड, त्याला पंकाश्म म्हणतात. खाली साहेबांच्या अक्षरात लेबल: "हिरवा पंकाश्म. प्राचीन तळ्याचा पुरावा."

या दगडावर साहेबांचं नाव झालं होतं. काठावर एके काळी मोठं तळं होतं, हा त्यांचा शोध. पोरं त्याला "साहेबांचं तळं" म्हणायची. दर वर्षी पहिल्या तासाला साहेब त्या पेटीपुढं उभे राहून तळ्यावर असे काही बोलायचे की मागच्या पोरांना बेडकं ऐकू यायची.

फक्त एक अडचण होती. दगड विटेसारखा लाल होता.

मला दिसायचा, पोरांना दिसायचा, कादरभाईंना दिसायचा. पण खाली लिहिलंय हिरवा, आणि लिहिलंय हेडसाहेबांनी! मला वाटायचं, या शास्त्रात लालालाच हिरवा म्हणत असतील. आपण चौथी शिकलेलो. पोरं डोळ्यानं लाल बघायची आणि जर्नलात हिरवा लिहायची. मार्क पायजेत ना!

एकदाच जिंतूरकडचा एक नवा पोरगा पहिल्याच तासाला बोलला. "सर, ह्यो तर लाल हाय."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "किती वर्षं दगड बघतोयस?"

"आज पयलाच दिवस हाय, सर."

"मग सवय होईल!"

आणि झाली की! परीक्षेत त्यानं हिरवाच लिहिला. पास झाला.

*

साहेबांच्या रंगाचा आणखी एक किस्सा कादरभाई सांगायचे. संक्रांतीच्या आधी बाईसाहेबांनी लाल साडी दिली आणि सांगितलं, येताना हिच्यावर ब्लाउजपीस आणा, अगदी त्याच रंगाचा. साहेब जीपमधून बाजारात गेले. दुकानदारानं गठ्ठे काढले. साहेबांनी त्यातला हिरवागार उचलला.

दुकानदार चाचरत म्हणाला, "साहेब, हा... हाच का?"

"अहो, माझा जन्म रंग ओळखण्यात गेला!"

दुकानदारानं मुकाट्यानं कापून दिला. कादरभाई दारात उभे. "मैं क्या बोलता मामा? साहब के सामने मैं कलर बताऊं?"

बाईसाहेब हळदीकुंकवाला लाल साडीवर हिरवा ब्लाउज घालून आल्या. कुणी विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांची आवड!" पुढच्या संक्रांतीला अर्ध्या प्राध्यापकिणी लाल साडीवर हिरवा ब्लाउज घालून. साहेबांच्या आवडीपुढं कुणी जायचं?

*

वाघमारेसरांनी नदीकाठ संपवला आणि म्युझियमकडं मोर्चा वळवला. ड्रॉवरमधला एकेक गाळाचा दगड मशिनीखाली ठेवायचा आणि आकडे लेबलाशी ताडून बघायचे. मी दगड द्यायचो, पुसून परत ठेवायचो. एका दुपारी सरांनी हातातला कागद खाली ठेवला आणि खुर्चीत मागं टेकून बसले.

"काय झालं सर? मशीन बिघडली?"

"न्हाई मामा. पिवळे बरोबर यायलेत. काळे, पांढरे, निळसर, सगळे बरोबर. फकस्त लाल आन् हिरव्याचाच घोळ हाय. तो बी सगळीकडं न्हाई. जिथं साहेबांचं अक्षर हाय, तिथंच."

कादरभाई दारात तंबाखू मळत होते. त्यांचा हात थांबला. "या अल्ला," ते म्हणाले. "वो ब्लाउज!"

 मग मला हसू फुटलं, कादरभाईंना फुटलं, आम्ही पोट धरून हसलो. इतकी वर्षं! इतकी पोरं! अख्खं कॉलेज लालाला हिरवं म्हणत पास झालं!

वाघमारेसर मात्र हसले नाहीत.

"मामा, ह्ये आकडे प्रबंधात गेले तर दारातली लादी बी लाल ठरली, साहेबांचं तळं आटलं."

"मग जाके बोल दो ना साहब को," कादरभाई म्हणाले.

"मी? मी कसा बोलू?"

त्यांचं बरोबर होतं. नामांतराच्या दंग्याच्या साली हे वाघमारे गाव सोडून एका पिशवीत पुस्तकं घेऊन परभणीत आले होते. राहायला जागा कुणी देईना. तेव्हा साहेबांनी म्युझियमच्या मागची खोली उघडून दिली. प्रिन्सिपॉलांनी विचारलं, हे कोण? साहेब म्हणाले, "दगड राखायला माणूस पाहिजेच होता." दगड कोण चोरतंय हो! पण त्या खोलीत बसून पोरगा एम.एस्सी. झाला. सकाळी त्याला चहा मीच नेऊन द्यायचो.

*

प्रबंध लिहून झाला आणि साहेबांच्या कपाटात गेला. आणि कपाटातच राहिला.

वाघमारेसर विचारायचे, "सर, बघितलात का?"

"आकडे तपासतोय."

पावसाळा गेला, दिवाळी गेली, आकडे तपासणं चालूच. इकडं सरांच्या ऑर्डरीचं काही खरं नव्हतं. नव्या जागेसाठी जाहिरात निघणार होती, आणि पीएच.डी. नसेल तर अर्जसुद्धा घेणार नव्हते.

मग एका रविवारी दुपारी वाघमारेसर म्युझियमची किल्ली मागायला माझ्या घरी आले. सोबत शाई, टाक आणि कोरी लेबलं. सरांचं अक्षर साहेबांकडं बघून बघूनच वळलेलं, वेगळं ओळखू येत नव्हतं. आम्ही दोघांनी ड्रॉवरमागून ड्रॉवर काढले. जिथं हिरवा होता तिथं लाल, जिथं लाल होता तिथं हिरवा. मी लेबलं फुंकून वाळवत होतो.

"सर, ह्यानं काय व्हनार?"

"साहेब ड्रॉवर उघडतील. वाचतील. कुणी काही बोलायची गरज न्हाई."

दारातल्या पेटीतली लादी तेवढी राहिली. तिची चावी साहेबांच्या जुडग्यात.

सोमवारी साहेब आले. नेहमीप्रमाणं शिकवायला दगड घ्यायला ड्रॉवर उघडला. उघडा धरून लेबलं वाचली. दुसरा उघडला. तिसरा. मी दाराशी फडकं घेऊन उभा.

"मामा."

"जी साहेब?"

हातात दगड होता. तो त्यांनी माझ्यापुढं धरला. विचारायचं असावं असं तोंड झालं, पण विचारलं नाही. दगड खाली ठेवला.

"चहा सांगा."

चहा आणला तर म्हणाले, "मी कधी मागवला?"

त्या आठवड्यात प्रबंध कपाटातून बाहेर आला. सही झालेली. मधल्या पानांवर टायपिंगच्या चुकांना गोल केलेले, सगळे हिरव्या शाईनं. म्हणजे, साहेबांना काय वाटत होती कुणास ठाऊक. आम्हाला हिरवी दिसली!

*

प्रबंध बांधायला द्यायचा आणि नेमकं त्याच जानेवारीत नामांतर झालं. पहिल्या पानावर विद्यापीठाचं नाव जुनं.

कादरभाई म्हणाले, "सर, येवढे रंग मोजले, आन् पयलंच पान चुकलं!"

वाघमारेसर हसले. टायपिस्ट बसला होता, पण त्याला त्यांनी उठवलं. म्हणाले, हे पान मी करतो. एकेक अक्षर बोटानं शोधून दाबत होते. टायपिंग येत असून! मी चहा ठेवून आलो, तो थंड झाला. पान झाल्यावर ते घेऊन राणीसावरगावला गेले, आईला दाखवायला. आईला वाचता येत नव्हतं. सर सांगत होते, तिनं विद्यापीठाच्या नव्या नावाच्या ओळीवरून फक्त बोट फिरवलं आणि म्हणाली, "जेवून जा."

*

आता शेवटचा.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. गोल चेहऱ्याचे, हसरे, पण नजर टाचणीसारखी. बघायला विभाग भरला. पोरं खिडक्यांत. वाघमारेसरांनी उत्तरं अशी दिली की मला काही कळत नसूनही मी टाळी वाजवणार होतो. परीक्षक मान डोलवत होते. आता सही होणार, पेढ्यांचा पुडा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत तयार.

परीक्षक उठले, "जरा म्युझियम बघू," म्हणाले, आणि दारातच थांबले.

काचेची पेटी. त्यांनी लेबल वाचलं. दगड बघितला. पुन्हा लेबल वाचलं.

"वाघमारे," ते म्हणाले, "हा तुमच्या मशिनीखाली ठेवला होतात?"

"नाही सर."

"का? तळ्याचा एवढा मोठा पुरावा! आता ठेवू या. आम्हालाही कळेल मशीन कशी चालते."

खिडकीतली पोरं एकमेकांना ढोसू लागली.  त्या पोरांना सगळ्यांना माहीत होतं की दगड लाल आहे. हेडसाहेब भिंतीशी उभे होते, हात मागं बांधून.

वाघमारेसर म्हणाले, "सर, आज नको. व्होल्टेज कमी-जास्त होतंय. आकडे चुकतील."

परीक्षकांचं हसू गेलं. "व्होल्टेजनं आकडे चुकतात? मग तुमच्या या सगळ्या प्रबंधावर मी विश्वास कसा ठेवायचा?"

 वाघमारेसर खाली फरशीकडं बघू लागले. पीएच.डी. हातातून चालली होती, नोकरी चालली होती, आणि ते नुसते उभे. कादरभाई माझ्या कानाशी पुटपुटले, "बोल ना रे बेटा... बोल!"

"व्होल्टेज ठीक आहे," हेडसाहेब म्हणाले.

खिशातून जुडगा काढला. पेटी उघडली. लादी दोन्ही हातांनी उचलली, मी पुढं झालो तर मानेनंच नको म्हणाले. स्वतः चालत कॉम्प्युटरच्या खोलीत गेले, कॅमेऱ्याखाली ठेवली, दिवे लावले. वाघमारेसरांकडं बघून म्हणाले, "आधी पांढरं दाखवायचं ना?"

सरांनी पांढरी वडी ठेवली, काढली. कळ दाबली.

कर्रर्र... कर्रर्र... खट्!

कागद साहेबांनीच फाडला. चष्मा लावला आणि आकडे वाचले. पहिला वाचला, दुसरा वाचला, पुन्हा पहिला वाचला. आकडे त्यांना वाचता येत होते.

मग लादी परत पेटीत ठेवली. लेबल काढलं, खिशातलं पेन काढलं, "हिरवा" खोडून त्या छापल्यासारख्या अक्षरात "लाल" लिहिलं. खालची तळ्याची ओळ खोडली. लेबल जागेवर ठेवलं, कुलूप लावलं. परीक्षकांनी तिथंच अहवालावर सही केली. साहेबांनी कागद आणि चावी वाघमारेसरांच्या हातात दिली.

आणि व्हरांड्यातून, पोरांच्या मधून, चालत निघून गेले.